'कम्पॅनियन'ला मराठीत काय म्हणायचं?

निळी पेटी
एका बाईचा लांबलचक लेख मराठीत आणते आहे. तिचा 'डॉक्टर हू'वर मनापासून जीव आहे आणि तरीही लेख तक्रारींनी भरलेला आहे. मालिका तुम्हाला ठाऊक असेलच. बीबीसीवर 23 नोव्हेंबर 1963 ला सुरू झाली, 1989 ला बंद पडली, 2005 ला परत आली. डॉक्टर म्हणजे निळ्या पेटीतून काळात प्रवास करणारा परग्रहवासी, मरायला टेकला की नवं शरीर घेऊन उठणारा. लेखाचा विषय तो नाही, त्याच्याबरोबर पेटीतून काळाच्या मागे-पुढे फिरणाऱ्या बायका हा आहे. मूळ शब्द 'कम्पॅनियन', आणि तो दर दुसऱ्या ओळीत येतो.

मी आधी 'सहचरी' लिहिलं. मजकूर तपासणाऱ्या बाईंनी समासात लिहून पाठवलं, "ही त्याची बायको का?" मग 'सोबती' केलं, तर त्यांना पुरुष वाटला. 'सोबतीण' मलाच ऐकवत नाही. 'साथीदार' म्हटलं की पुढचा शब्द 'फरार' असणार असं वाटतं. बार्बरा इतिहासाची शिक्षिका, लिझ शॉ शास्त्रज्ञ, सारा जेन पत्रकार, रोझ दुकानात नोकरी करणारी. सगळ्यांना पुरेल असा एक शब्द हवा आहे.

जुना कोश
सोबत मूळ अरबी, 'सुहबत'. बरोबर फारसी. साथीदारातला 'दार'ही फारसीच. घरचा शब्द असताना उसने कशाला घ्यायचे? 'सांगाती' घ्या. तुकोबांनी विठ्ठलासाठी वापरलेला शब्द आहे, त्याच्याइतकं वजन दुसऱ्या कशाला नाही. शिवाय स्त्री-पुरुष दोघांनाही चालतो.

वाटसरू
'सोबत' मराठीत येऊन शेकडो वर्षं झाली. तिला अजून परकी म्हणणार असाल तर निम्मा कोश बाहेर काढावा लागेल. आणि 'साथ' संस्कृतच आहे, सार्थ म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा, त्याच्यावरून. एकट्याने प्रवास करायची सोय नव्हती तेव्हाचा शब्द आहे. प्रवासाच्या मालिकेला तोच शोभतो.

रानजाई
'सांगाती'बद्दल थोडं थांबून बोलायला हवं. त्या अभंगात सांगाती कोण आहे? हाताला धरून चालवणारा तो. चालणारा भक्त सांगाती नाही. आता 2005 चा पहिला भाग आठवा. दुकानाच्या तळघरात पुतळे अंगावर येताहेत, रोझ भिंतीला टेकली आहे, आणि कोणीतरी तिचा हात धरून एकच शब्द म्हणतं, "पळ." हात धरणारा डॉक्टर आहे. अभंगाच्या हिशेबाने सांगाती तोच ठरतो, रोझ नाही.

आणि लेखिकेची तक्रार मला वाटतं हीच असणार, की हात नेहमी एकाच बाजूने पुढे येतो.

जुना कोश
रानजाई, मुद्दा चांगला आहे, पण संगत दोन्ही बाजूंनी असते. मी तुझा सांगाती, तू माझा. 'हाती धरून' हे अभंगात वेगळं सांगावं लागलं, कारण ते 'सांगाती'च्या अर्थात येत नाही.

कानामात्रा
सगळे जण 'बरोबर'वरून पटकन पुढे गेले. फारसीत 'बर' म्हणजे छाती, बराबर म्हणजे छातीला छाती. मराठीत त्याचे दोन शब्द झाले आणि फरक एका 'री'चा आहे: बरोबरची आणि बरोबरीची.

लिझ शॉ 1970 मध्ये आली. केंब्रिजची शास्त्रज्ञ, डॉक्टरशी वाद घालणारी. एकाच वर्षात तिला काढलं, निरोपाचा प्रसंगसुद्धा दाखवला नाही. 1971 मध्ये तिच्या जागी जो ग्रँट आली तेव्हा डॉक्टर ज्याच्याकडे काम करतो तो लष्करी अधिकारी, ब्रिगेडियर, डॉक्टरला लिझचंच मत ऐकवतो, की तुला हवी आहे परीक्षानळ्या हातात देणारी आणि तू किती हुशार आहेस हे सांगणारी. हे वाक्य लिहिणाऱ्यांना नेमकं कळलेलं होतं की ते बरोबरीची काढून बरोबरची आणताहेत. मला जो ग्रँट आवडते, केटी मॅनिंग या नटीने तिच्यात जीव ओतला आहे. पण तो बदल कोणी केला आणि कशासाठी केला, हे त्या एका वाक्यात उघडं पडतं.

निळी पेटी
कानामात्रा, हे मी लेखात वापरणार, तुमची हरकत नसेल तर. रोमाना या हिशेबात कुठे बसते? ती डॉक्टरच्याच जमातीची, परीक्षेत त्याच्या कितीतरी पुढे. तो दुसऱ्या खेपेला 51 टक्क्यांवर कसाबसा सुटलेला. ती बरोबरीचीही नाही, वरचढ आहे. तरी पोस्टरवर ती 'कम्पॅनियन'च.

वाटसरू
राग मानू नका, पण एवढी खोड काढायची तर बघायचं कशाला? आपल्याला आवडणाऱ्या गोष्टीकडे थोडं मोकळेपणाने बघावं. 1963 ची माणसं 1963 सारखंच लिहिणार.

निळी पेटी
राग नाही मानला, पण उत्तर देणार. 1963 ला ही मालिका उभी केली ती व्हेरिटी लॅम्बर्टने. वय 27, पहिली निर्माती. सुरुवातीची ती धून रॉन ग्रेनरने लिहिली, पण ती आपण ऐकतो तशी घडवली डेलिया डर्बिशायरने, फितीचे तुकडे कापून, जोडून. पडद्यावर तिचं नाव यायला 2013 उजाडावं लागलं. आणि तेव्हाचे लोक तेव्हासारखं लिहीत होते म्हणता, तर 1964 ची बार्बरा बघा. अ‍ॅझ्टेक लोक तिला देवी समजतात आणि ती त्या अधिकाराने नरबळी थांबवायला निघते. डॉक्टर ओरडून सांगतो की इतिहासाची एक ओळही बदलता येणार नाही. ती हरते, पण प्रयत्न करते ती, तो नाही. उलट मालिका परत आल्यावरच्या काळात, 2008 नंतर थेट 2015 पर्यंत, एकही भाग कोणा बाईने लिहिलेला नाही. म्हणजे काळ पुढे गेला की आपोआप सगळं सुधारतं, असं काही नाही.

जिच्यावर जीव असतो तिचंच आपण इतकं बारकाईने बघतो. लेखिका तेच करते आहे.

वाटसरू
2008 ते 2015 चं मला माहीत नव्हतं. बार्बराचं मान्य. पण मग तुमच्या लेखिकेला चाहती म्हणायचं की समीक्षक? मराठीत 'चाहती' म्हटलं की कौतुकापलीकडे काही उरत नाही.

रानजाई
दोन्ही म्हणा. मी 'चाहती' आहे आणि डॉक्टरबरोबर फिरणाऱ्या डोनाच्या शेवटाबद्दल मला सतरा वर्षांनीही माफ करता आलेलं नाही.

निळी पेटी
रानजाई, डोनावरच मी दुसऱ्यांदा अडले आहे. 2008 चा तो भाग. डॉक्टरचं मन तिच्यात उतरलं आहे, माणसाच्या मेंदूला ते पेलणारं नाही, म्हणून तो तिच्या आठवणी पुसतो. लेखात जे आहे त्याला मी "तिच्या संमतीविना" लिहिलं आहे. पुरेसं आहे का?

रानजाई
मुळीच नाही. 'संमतीविना' म्हणजे विचारलं नाही. बेशुद्ध माणसावर शस्त्रक्रिया करतात तीही एक प्रकारे संमतीविनाच. इथे ती पूर्ण शुद्धीवर आहे. त्याने काय ठरवलंय हे तिला त्याच्या चेहऱ्यावरूनच कळतं. ती रडते, मला परत पाठवू नकोस म्हणते, नको नको म्हणत राहते, आणि तो तिच्या कपाळाच्या दोन्ही बाजूंना बोटं टेकवतो. मग तिला घरी पोचवतो, आणि जाग येते तेव्हा तिला तो कोण हेही माहीत नसतं. फोनवर मैत्रिणीशी बडबडत असते, पहिल्यासारखी. तो दारात उभा असतो आणि ती धड लक्षही देत नाही.

हे "ती नको म्हणत असताना" असं लिहा. 'संमती' हा कागदावरचा शब्द आहे. ती 'नको' म्हणाली, तो शब्द वाक्यात आलाच पाहिजे.

जुना कोश
पण त्याने तिचा जीव वाचवला, हेही वाक्यात यायला नको का? नाहीतर अनुवादक बाजू घेतो आहे असं होईल.

रानजाई
काका, जीव वाचला हे लेखिकेला माहीत आहे. तिचं म्हणणं इतकंच असेल, की डोनाला ती किंमत मान्य नव्हती आणि किंमत डोनाने मोजली. 2015 मध्ये क्लारावर, नंतरच्या एका कम्पॅनियनवर, हीच वेळ येते. ती म्हणते, उद्याचा भरवसा कोणालाच नाही, पण माझं होऊन गेलेलं माझं आहे, ते मी सोडणार नाही. आणि त्या वेळी आठवणी पुसल्या जातात त्या डॉक्टरच्या मनातल्या. ते बघताना मला वाटलं होतं, डोनाचं म्हणणं सात वर्षांनी कोणीतरी ऐकलं. पुढे 2023 मध्ये डोनालाही तिच्या आठवणी परत मिळाल्या, पण त्याआधीची पंधरा वर्षं आम्ही त्याच दारात उभ्या होतो.

कानामात्रा
'नको म्हणत असताना' उत्तम आहे. मराठीत 'नाही' आणि 'नको' वेगळे आहेत हे आपलं मोठं भाग्य आहे. 'नाही'वर वाद घालता येतो. 'नको' म्हणजे स्वतःची हद्द आखणं, त्यावर वाद नसतो.

जुना कोश
हे मान्य करतो. 'नको' ठेवा.

वाटसरू
मूळ प्रश्न बाजूला राहिला खरा, पण माझाही एक आहे. 2017 ला डॉक्टर बाई झाली, भूमिका जोडी व्हिटाकर या नटीकडे गेली. मराठीत क्रियापद लपत नाही. तोवर 'डॉक्टर म्हणाला', त्यानंतर 'डॉक्टर म्हणाली'. पण दोन्ही काळांबद्दलचं एकच वाक्य असेल तर? 'डॉक्टरीण' करायचं का?

निळी पेटी
नको! मास्तरीणबाई म्हणजे मास्तरांची बायको की शिकवणारी, हे अजून नीट ठरलेलं नाही. 'ईण' लागला की नवरा कोण, हा प्रश्न मागोमाग येतो. एवढी वाट बघून मिळालेली डॉक्टर, तिला कोणाची तरी बायको नका करू. मालिकेचा एक जनक सिडनी न्यूमन, त्याने 1986 मध्येच बीबीसीला सुचवलं होतं की डॉक्टर बाई करा. म्हणजे 31 वर्षं वाट बघितली आहे.

कानामात्रा
'म्हणाला', 'म्हणाली' सोडा आणि 'म्हटलं' घ्या. डॉक्टरने म्हटलं, डॉक्टरने पाहिलं, डॉक्टरने ठरवलं. कर्त्याला 'ने' लागला की क्रियापद कर्त्याकडे बघत नाही. अडचण फक्त येणं, जाणं, पळणं, रडणं यांची.

रानजाई
आणि डॉक्टरची निम्मी गोष्ट पळण्याचीच आहे. पण मला लपवायचं नाही. 'म्हणाली' ठळक दिसू दे. 2018 ला पहिला भाग लागला तेव्हा मी मनात मराठीत बोलत होते, डॉक्टर पडली, डॉक्टर उठली, डॉक्टर हसली. ते प्रत्येक 'ली' मला हवं होतं.

निळी पेटी
मग 'म्हणाली'च ठेवते. जिथे दोन्ही काळ एका वाक्यात येतात तिथे 'ने'. 'कम्पॅनियन'चं अजून ठरत नाही. लिझ आणि रोमानाच्या परिच्छेदात 'बरोबरीची', जोच्या परिच्छेदात 'बरोबरची', आणि बाकी ठिकाणी 'सांगाती' लिहून पाहिलं. तपासणाऱ्या बाई म्हणतात, एकाच मूळ शब्दाला तीन शब्द चालणार नाहीत.

जुना कोश
चालायला हवेत. मूळ शब्दाने जे झाकलं ते मराठीने उघडं केलं, तर त्यात चूक काय? बाईंना माझ्या वतीने सांगा. आणि डॉक्टर नवं शरीर घेतो त्या 'रीजनरेशन'ला काय लिहिलंत?

निळी पेटी
'पुनर्जन्म'.

जुना कोश
पुनर्जन्मात आधीचं आठवत नाही. डॉक्टरला आठवतं. 'कायापालट' लिहा.

रानजाई
'कात टाकणं' जास्त जवळचं नाही का? आठवणी त्याच, अंग नवं.

कानामात्रा
आणि "डॉक्टरने कात टाकली" म्हटलं तर क्रियापद कातीच्या मागे जातं. डॉक्टर आधी कोण होता, नंतर कोण झाली, ते वाक्य सांगतच नाही.

जुना कोश
पण कात टाकल्यावर साप तोच असतो, स्वभावही तोच. इथे स्वभाव बदलतो. मला पटलेलं नाही.