थर्मामीटर कुणी फोडलं? (वॉर्डातल्या जाचाचे अनुभव)

गोदाकाठची: भाची जीएनएम (नर्सिंगचा कोर्स) होऊन कामाला लागली. काल नाइट करून आली अन् फोनवर म्हणली, "मावशे, सामानाच्या काउंटला बीपीचा एक कफ (दंडाला बांधायचा पट्टा) कमी आला, माझ्या नावावर टाकला." मला १९९८ आठवलं. परभणीकडं ट्रेनिंगला होते. आदल्या पाळीतल्या बाईनं थर्मामीटर फोडलं अन् ओव्हर देताना, म्हंजी पाळी सोपवताना, गप निघून गेली. इन्चार्ज सिस्टरनं (वॉर्डाची प्रमुख नर्स) नातेवाइकांसमोर मला कॉटखाली बसवून पारा गोळा करायला लावला. वर म्हणली, "बापानं घेऊन दिलतं का?" स्टायपेंडमधून पैसे कापले ते वेगळेच. बाप शेतमजूर होता माझा. तुमचंबी सांगा.

उदगीरचा ब्रदर: सलग अकरा नाइट. इन्चार्ज म्हणायच्या, तुला काय लेकरंबाळं हैत का. ऑक्सिजनचं सिलिंडर आलं की उचलायला ब्रदर (पुरुष नर्स), ड्यूटी लिस्टमधी रविवार मागितला की "पुरुषांना कशाला पाहिजे?" गल्लीतलं कुत्रं मला रात्रीच ओळखायचं, दिवसा दिसलो की भुंकायचं.

जालन्याची मोसंबी: 😂😂 ब्रदर, कुत्र्याचं लई भारी

जालन्याची मोसंबी: माझं थोडक्यात, भाकरी तव्यावर आहे. सख्ख्या बहिणीचं लग्न, सुट्टी महिनाभर आधी मागितली. आदल्या दिवशी रिलीव्हर (बदली नर्स) नाही म्हणून इन्चार्जनं रद्द केली. पोचले तेव्हा पंगती उठल्या होत्या. ती बाई त्याच दिवशी स्वतः बाजारात साडी घेत होती, आमच्या मामांनी पाहिली.

बालाघाट: पाऱ्याला हात लावला का हो ताई? विषारी असतो.

गोदाकाठची: तेव्हा कोण सांगतंय दादा. तळहातावर घेऊन खेळायचो आम्ही.

एक जुनी परिसेविका: मी ती इन्चार्ज. तुमची नव्हे, दुसऱ्या कुणाची तरी. डेड स्टॉक रजिस्टरवर (वॉर्डातल्या टिकाऊ सामानाची वही) सही माझी असायची. मोजणीत कैची कमी भरली की मेट्रन (सगळ्या नर्सेसची प्रमुख) मला उभं करायची, अन् मी पोरींना. रिटायर होताना चार्ज देईस्तोवर जीवात जीव नव्हता. पण बाप काढायची गरज नव्हती, हे खरं. मीही काढलेत.

उदगीरचा ब्रदर: मॅडम, खरं बोललात. राग कमी नाही झाला पण.

बालाघाट: तक्रार का नाही करत? रॅगिंगचा कायदा आहे ना राज्याचा, १९९९ चा?

नांदेडी: तो शिकणाऱ्या पोरापोरींसाठी. पगार सुरू झाला की तो लागू नाही. कामाच्या जागेसाठी २०१३ चा कायदा आहे, पण तो लैंगिक छळापुरता. टोमण्याला कलम कुठंय? अन् अर्ज द्यायचा कुणाच्या हातानं, तर इन्चार्जच्याच!

नांदेडी: बरं, आपसी बदली कुणाला पाहिजे का, नांदेड ते लातूर? मिस्टर तिकडं आहेत.

जालन्याची मोसंबी: लातूरला पाण्याचं बघून जा गं 😄

नांदेडी: ती रेल्वेनं पाणी आणलेली गोष्ट २०१६ ची, अजून तेच धरून बसलेत सगळे!

बालाघाट: मला तर वाटायचं सिस्टर फक्त पेशंटवरच खेकसतात. आईच्या वेळी एकीशी मी लई भांडलो होतो. तिची कितवी नाइट होती कोण जाणे.

जालन्याची मोसंबी: गोदाकाठची ताई, भाचीच्या कफचं काय झालं?

गोदाकाठची: सापडला. लिननच्या गाठोड्यात गेला होता, धोब्यानं आणून दिला. वहीत नाव तिचंच आहे अजून. खोडायचं तर इन्चार्जची सही लागते, अन् ती सुट्टीवर आहे.