मदत हवी आहे: हॉकी ईस्टची सेमीफायनल आणि साताऱ्याचे आबा

नमस्कार मंडळी. आम्ही अमेरिकेत, बॉस्टनजवळच्या लोवेलच्या बाजूला राहतो. मार्चमध्ये सासरे, म्हणजे आबा, साताऱ्याहून येताहेत. भाचा कॉलेजच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो, त्यामुळे त्याच्या कॉलेजची टीम पुढे गेलीच तर बॉस्टनच्या टीडी गार्डन स्टेडियममध्ये हॉकी ईस्टची, म्हणजे इथल्या कॉलेजांच्या आइस हॉकी लीगची, सेमीफायनल बघायचा बेत आहे.

'गेलीच तर' हीच पहिली अडचण. अकरा टीम, हरलं की बाहेर, आणि क्वार्टरफायनल वरच्या नंबरच्या टीमच्या घरच्या रिंकवर. निकालाची वाट बघून तिकीट काढलं तर शेजारीशेजारी चार जागा मिळतात का?

दुसरी अडचण घरी जायची. या सामन्यांत बरोबरी चालत नाही. कोणीतरी गोल करेपर्यंत वीस-वीस मिनिटांचे ओव्हरटाइम. नॉर्थ स्टेशन इमारतीखालीच आहे, पण दुसरी सेमीफायनल लांबली तर शेवटची ट्रेन हुकते का? गाडीच नेऊ?

आणि बसायचं कुठे? टीव्हीवर आबा दर दोन मिनिटांनी "अगं, चेंडू गेला कुठं?" विचारतात. पक म्हणजे साधारण एकशे सत्तर ग्रॅमची रबरी चकती, काचेजवळ बसलं तर ती कडेला गेली की दिसतच नाही म्हणे. वरची जागा बरी का? थंडीला स्वेटर-कानटोपी पुरेल का? आबांचे गुडघे धरतात.

२०२५ला मेन युनिव्हर्सिटीची टीम ही स्पर्धा जिंकली, २००४नंतर पहिल्यांदा, तेव्हा तिथे कोणी होतं का? आणि 'आयसिंग' हा खेळाचा नियम मराठीत कसा समजावता तेही सांगा. माझ्याने नाही झालं.