इंडेंटला मराठीत काय म्हणायचं? (आणि तो आपोआप गंडत असेल तर?)

अर्धविराम
भाचीला फोनवरून पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवतोय. ती बेळगावात, मी पुण्यात, तिच्याकडे स्क्रीन दाखवण्याइतकं नेट धड नाही, त्यामुळे सगळं तोंडी. आणि तोंडी सांगायला लागलं की कळतं आपल्याकडे कुठले शब्द नाहीत ते. काल दीड तास नुसतं "ती ओळ आत घे, अगं अजून आत, एवढी नको, वरच्या ओळीच्या पोटात घे" असं चाललं होतं, शेवटी बायको म्हणाली कुणाचं घर हलवताय का. तर प्रश्न असा की इंडेंटेशनला, म्हणजे ओळ आत घेताना तिच्या सुरुवातीला सोडतात त्या मोकळ्या जागेला, बोलताना चालेल असा मराठी शब्द कोणता? 'समास' चालेल का, शाळेत "समास सोडून लिहा" म्हणायचे तो?
दुसरं म्हणजे तिचा एडिटर जे आपोआप इंडेंट करतो तेच बिघडलंय. ओळीच्या सुरुवातीला कॉमेंटसाठी (मशीनने सोडून द्यायची टीप) हॅश टाकला की ओळ सटकन डाव्या कडेला जाऊन चिकटते. एडिटरचं नाव व्हिम. (हो, ते वेड मीच लावलं.)

खडूफळा
समास नको. समास म्हणजे वहीच्या डाव्या अंगाची ती मोकळी पट्टी, फूटपट्टी धरून लाल रेघ मारायचो ना, ती. आम्ही मास्तर लोक तिथे शेरे मारतो. ती पानभर एकसारखी असते, पहिल्या ओळीला जेवढी तेवढीच शेवटच्या. इंडेंट ओळीगणिक बदलतो आणि तो समासाच्या रेघेपासून पुढे मोजायचा, म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. समास तसाच ठेवून त्याच्या आत ओळ किती सरकली ते सांगायचंय तुम्हाला. शिवाय वर्गात समास म्हटलं की निम्मी पोरं द्वंद्व आणि बहुव्रीही म्हणून ओरडतात हा वेगळाच ताप.

गुळपोळी
शब्दाचं मूळ बघितलं तर मजा आहे. इंडेंट आला लॅटिनमधल्या दातावरून, तोच दात जो संस्कृतात दंत आहे, एकाच कुळातले शब्द. पूर्वी युरोपात करार एकाच कागदावर दोनदा लिहायचे आणि मधून वेडावाकडा, दातेरी कापायचे. एक तुकडा याच्याकडे एक त्याच्याकडे, भांडण झालं की दोन्ही जोडून बघायचे, दाते बसले तर करार खरा. म्हणून त्या करारालाच इंडेंचर नाव पडलं. आणि असल्या करारावर मजूर नेले ते आपल्याकडचे गिरमिटिये. गिरमिट म्हणजे ॲग्रीमेंटचा अपभ्रंश. १८३४ पासून मॉरिशसला असे मजूर जायला लागले, पुढे त्यात कोकणातलेही गेले, तिथे अजून मराठी लोक आहेत. म्हणजे तुमच्या भाचीचा तो इंडेंट आणि गिरमिटियांचं ते इंडेंचर, दोघांचं मूळ त्या एका दातात आहे.
मूळ धरून शब्द करायचा तर 'दातेरी' किंवा 'खाच' होईल. पण खाच म्हटलं की सुताराची खाच डोळ्यासमोर येते, लाकूड पोखरून केलेली. इथे पोखरत काहीच नाही, नुसती जागा सोडतोय.

बिनपगारी
माझे वडील सरकारी स्टोअरमधून रिटायर झाले. त्यांच्या लेखी इंडेंट म्हणजे मागणीपत्र. स्टोअरला इंडेंट टाकला, इंडेंट पास झाला, इंडेंट साहेबांच्या टेबलावर आडकला. मी एकदा फोनवर मित्राला "तुझा इंडेंट चुकलाय" म्हटलं तर बाबा पेपरातून मान वर करून, "मग दुसरा भर म्हणावं, तीन प्रतीत." तेव्हापासून मी घरात इंडेंट शब्द काढत नाही.

काळा पडदा
आधी दुखणं बघू, शब्द नंतर. हॅश टाकल्यावर ओळ डावीकडे पळते म्हणजे तिच्या सेटिंगच्या फाइलीत कुणीतरी 'स्मार्टइंडेंट' चालू करून ठेवलंय, बहुतेक नेटवरून ढापलेली फाइल असणार. ते सी भाषेच्या हिशेबाने केलेलं आहे, सी मध्ये हॅशने सुरू होणारी ओळ म्हणजे इन्क्लूड वगैरे, आणि ती पूर्वापार डाव्या कडेला लिहायची पद्धत. पायथनमध्ये हॅश म्हणजे साधी कॉमेंट, पण स्मार्टइंडेंटला भाषा कळत नाही. ती ओळ काढून टाका आणि त्याजागी 'फाइलटाइप प्लगइन इंडेंट ऑन' लिहा, मग फाइल कुठल्या भाषेची आहे ते बघून त्या भाषेचे नियम लागतात.
मग 'शिफ्टविड्थ' (एका वेळी किती स्पेस आत) चार, 'एक्स्पँडटॅब' (टॅबऐवजी स्पेस) चालू. आणि जुन्या फाइलीत टॅब नि स्पेस एकत्र कालवलेले असतील तर 'रीटॅब' एकदा मारायचं, म्हणजे टॅबच्या स्पेस होतात, पण त्याआधी 'टॅबस्टॉप', म्हणजे एक टॅब किती स्पेसचा धरायचा, तो किती आहे ते बघून घ्या, व्हिममध्ये मुळात तो आठ असतो आणि लिहिणाऱ्याने चार धरून लिहिलं असेल तर सगळं दुप्पट आत जाऊन बसेल. हे कालवण दिसत नाही डोळ्याला, ओळी एकाखाली एक सरळ दिसतात आणि पायथन ३ मात्र टॅबएरर म्हणून हात वर करतो.
आता शब्दाचं. आम्ही ऑफिसात 'पायरी' म्हणतो. "ही ओळ एक पायरी आत घे, ती दोन पायऱ्या बाहेर काढ." शिफ्टविड्थ म्हणजे एका पायरीची रुंदी, झालं. इंडेंटेशन या नामाला मराठी शब्द हवाच कशाला, बोलताना क्रियापदच लागतं आणि ते आपल्याकडे आहे, आत घेणे.

फणसगरा
काळा पडदा, तो बरोबरच्या चिन्हाचा मंत्र पण सांगा की, छोटा जी दोनदा, बरोबर, मोठा जी. अख्खी फाइल ओळीत.

काळा पडदा
मुद्दामच नाही सांगितला. सी, जावा असल्या महिरपी कंसवाल्या भाषांना तो बेस्ट, कंस मोजून कुठली ओळ किती आत ते मशीनला कळतं. पायथनमध्ये ब्लॉक (एकत्र चालणाऱ्या ओळींचा गट) कुठे संपला हे इंडेंटवरूनच ठरतं, तोच बिघडलेला असेल तर मशीन कशावरून ओळखणार बिचारं. तिथे ओळी सिलेक्ट करून मोठं-लहानच्या चिन्हाने आत-बाहेर करायच्या, हाताने, डोकं लावून.

अर्धविराम
झालं! स्मार्टइंडेंटच होतं, कॉलेजच्या कुठल्यातरी सीनियरची फाइल उचलली होती तिने. ओळ काढली, हॅश जागेवर राहतोय. पण आता नवीनच. मी मेसेजवर पाठवलेला कोड तिने चिकटवला तर प्रत्येक ओळ आधीच्यापेक्षा जास्त आत, तिरकाच्या तिरका उजवीकडे निघाला.

काळा पडदा
जिना झाला. आम्ही खरंच जिनाच म्हणतो त्याला. तुमच्या कोडमध्ये स्पेस आधीच आहेत, आणि एडिटरला वाटतं कुणीतरी भराभर टाइप करतंय, म्हणून तो वरच्या ओळीएवढी जागा स्वतःची आणखी घालतो, की पुढची ओळ त्याच्यावर आणखी. चिकटवण्याआधी 'सेट पेस्ट', झाल्यावर 'सेट नोपेस्ट', आणि हे दुसरं विसरायचं नाही, नाहीतर आपोआप इंडेंट बंदच राहतं आणि तुम्ही परत इथे येता. व्हिम ८ पासून बऱ्याच टर्मिनलवर हे करावं लागत नाही, तिचं जुनं असेल.

खडूफळा
पायरी शब्द आवडला, पण एक शंका. पायरी म्हटलं की चढणं-उतरणं आलं. आत जाणारी ओळ चढते की उतरते?

अर्धविराम
हेच भाचीने विचारलं!! "मामा, वर जाऊ का खाली?" आणि ती खरंच कर्सर वरच्या ओळीवर घेऊन गेली.

फणसगरा
मग आमच्या कोकणातल्या घरावर सांगा. डेफ, म्हणजे फंक्शन सुरू करणारी ओळ, अंगणात, त्याच्या आतला इफ (म्हणजे 'जर') ओटीवर, इफच्या आतलं सगळं माजघरात. माजघरातून एकदम अंगणात आलात तर ओटी पण सुटली, तिथलं काम संपलं. माझ्या मुलाला असंच सांगितलं, दहा मिनिटांत कळलं.

खडूफळा
आणि एल्स, म्हणजे 'नाहीतर'?

फणसगरा
ओटीवर. इफच्या शेजारी, मांडीला मांडी लावून. माजघरात घुसला तर पायथनच हाकलतो त्याला.

अर्धविराम
तिला पाठवलं. उत्तर आलंय, "मामा आम्ही फ्लॅटमध्ये राहतो, ओटी म्हणजे काय?"