केंद्राच्या बजेटला कात्री लावायची, पण कुठे?

ताळेबंद : "फुकट्यांचं रेशन आणि मनरेगा बंद करा, केंद्राची तूट आपोआप भरेल" ही पोस्ट जो तो पुढे पाठवतोय. अरे, आकडे तरी बघा! २०२५-२६ चा अंदाजित खर्च ५०.६५ लाख कोटी, तूट १५.६९ लाख कोटी. अन्न अनुदान साधारण २ लाख कोटी, मनरेगा ८६ हजार कोटी. दोन्ही बंद करून गरिबाच्या तोंडचा घास काढलात, तरी तूट पाचव्या हिश्श्यानेही कमी होत नाही. नुसतं व्याजच १२.७६ लाख कोटी आहे.

पगारदार_ठाणेकर : पोस्ट माझी आहे. व्याज का भरावं लागतं? कर्ज काढून वाटलं म्हणूनच ना? माझा टीडीएस पगार हातात यायच्या आधी कापतात. मला विचारायचा हक्क आहे.

लेखाशाखा : विचारा, पण उधळपट्टी कुठे होते ते माहीत करून घ्या. मी एका केंद्रीय कार्यालयात बिलं पास करायचो. फेब्रुवारी आला की वरून निरोप, "निधी परत जाता कामा नये." मार्चमध्ये वर्षाच्या निधीच्या १५ टक्क्यांहून जास्त खर्च नको असा अर्थखात्याचा दंडक. तरी प्रिंटर यायचे, आणि पुढच्या मार्चपर्यंत खोकी तशीच पडून असायची.

निवृत्त_मिरजकर : आणि कात्री कुणावर? आमच्यावर! मार्च २०२० मध्ये ज्येष्ठांची रेल्वे सवलत काढली. पुरुषांना ४० टक्के होती, बायकांना ५०. कोरोना गेला, सवलत आली नाही. हिला तपासणीसाठी मुंबईला न्यायचं तर पूर्ण भाडं मोजतो.

पगारदार_ठाणेकर : काका, प्रत्येक प्रवाशाला सरासरी ४६ टक्के सूट मिळतेच, असं रेल्वेमंत्र्यांनी संसदेत सांगितलंय. वरून आणखी कशाला?

निवृत्त_मिरजकर : मग आमची काढून घेतली ती कोणती? महागाई भत्ताही १८ महिने गोठवला. ३४,४०२ कोटी वाचले, हेही सरकारनेच सांगितलं. थकबाकी मागितली तर नाही म्हणाले. आयुष्यभर कर मीही भरलाय. मला फुकटा म्हणू नका!

पगारदार_ठाणेकर : तुम्हाला कोण म्हणालं?

निवृत्त_मिरजकर : रेशन घेणाऱ्याला म्हणालात ना? त्याच रांगेत मला उभं केलंत.

ताळेबंद : धागा रेल्वेचा नाही हो.

लेखाशाखा : रेल्वेचाच आहे. जिथून ओरड कमी येते तिथेच कात्री चालते.

पगारदार_ठाणेकर : बरं, ज्येष्ठांची सवलत द्या परत, निदान स्लीपरला तरी. मार्चची खरेदीही थांबवा. पण रेशनच्या याद्या तपासल्याच पाहिजेत, त्यावर मी ठाम आहे.

ताळेबंद : तपासा की. बंद करा म्हणाला होतात.