मदत हवी आहे: मुलाला एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा) असल्याची शंका, सोलापुरात पालकांसाठी प्रशिक्षण कुठे मिळेल?

मुलगा साडेचार वर्षांचा. घरी आणि बालवाडीत, दोन्हीकडे वर्षभर तेच: दोन घास खाऊन ताटावरून उठतो, रस्त्यात हात सोडून पळतो, बाई गोष्ट सांगत असताना इतर मुलांच्या अंगावरून उड्या मारतो. कान तपासले, नॉर्मल आहेत. बोलणं, झोप ठीक. मोबाइल बंद केला, थोडाच फरक पडला. बालरोगतज्ज्ञ म्हणाले, सहा वर्षांखाली सहसा आधी औषध देत नाहीत. मुलाला कसं हाताळायचं याचं पालकांना प्रशिक्षण देतात. आम्हालाही तेच पटतं. ‘लाड कमी करा’ हे ऐकून झालंय, कृपया नको. नोकरीमुळे दर आठवड्याला पुण्याला जाणं जमणार नाही. सिव्हिलमध्ये किंवा शहरात कुणी असं प्रशिक्षण मराठीतून देतं का, आणि आजी-आजोबांनाही सोबत बसू देतात का?