घरात दारू होती किंवा आहे: घरच्यांनी लिहायचा धागा

रानजाई

दारू सोडलेल्या माणसांच्या कहाण्या आपण वाचतो, त्या सांगितल्या जायलाच हव्यात. पण त्याच घरात राहिलेली बायको, मुलं, आई, भाऊ यांना फारसं कुणी विचारत नाही. एम्सच्या 2019 सालच्या देशव्यापी पाहणीत दारूमुळे मदतीची गरज असलेल्यांची संख्या साधारण 5.7 कोटी निघाली होती. प्रत्येकामागे घरातली तीन-चार माणसं धरली तर भोगणाऱ्यांची संख्या कुठे जाते बघा. हा धागा त्यांच्यासाठी.

आधी माझं लिहिते. बाबा सरकारी नोकरीत होते. पगाराच्या दिवशी आई मला आणि धाकट्या भावाला ऑफिसच्या फाटकाशी उभं करायची. मुलं समोर दिसली की पाय बारकडे वळणार नाहीत, अशी तिची आशा. कधी बाबा आमच्याबरोबर घरी यायचे, कधी मागच्या दाराने निघून जायचे. रात्री अंगणाच्या फाटकाची कडी कशी वाजते त्यावरून आम्हाला सगळं कळायचं. एका फटक्यात निघाली तर पानं घ्यायची. दोन-तीनदा हातातून सुटली तर वह्या-पुस्तकं माळ्यावर आणि आम्ही दोघं पांघरुणात. आज माझ्या घरात कुणी पीत नाही, तरी रात्री दार वाजलं की पोटात गोळा येतो.

शेजारीपाजारी विचारलं की "बाबांना पित्ताचा त्रास आहे" असं सांगायला आम्हाला शिकवलं होतं. नातेवाइकांनाही तेच. मला वाटतं, दारूने आमचं जेवढं नुकसान केलं तेवढंच या लपवण्याने केलं. पित्ताच्या गोळ्या येत राहिल्या आणि खरा आजार कुणा डॉक्टरच्या कानावर गेलाच नाही.

गाव, नाव ओळखू येईल असं लिहू नका. आणि कृपा करून कुणाला "मग सोडून का नाही दिलंस" असं विचारू नका.

कोयनाकाठ

आमच्या गावात आडवी बाटली झाली, म्हणजे बायकांनी मतदान करून दारूचं दुकान बंद केलं, त्याबद्दल लिहिते. आधी पंचवीस टक्के महिला मतदारांच्या सह्या लागतात. मग मतदान. चिठ्ठीवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. बंदीसाठी यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. जेवढ्या मतदानाला आल्या त्यांच्या निम्म्या नव्हे, ही मेख आहे. सासरी गेलेल्या लेकी, मुंबईला गेलेल्या सुना, यादीत नाव असलेल्या मयत म्हाताऱ्या, या सगळ्यांची न आलेली मतं आपोआप दुकानाच्या बाजूने जातात. म्हणून आम्ही घरोघर यादी घेऊन फिरलो. मुंबईच्या बायकांना फोन करून रात्रीच्या एसटीने बोलावलं. माझी थोरली जाऊ दीर मारतील म्हणून सही करत नव्हती, ती मतदानाला मात्र सगळ्यांच्या आधी रांगेत उभी होती.

दुकान बंद झालं. दीर आता शेजारच्या गावाला जाऊन पितात, हेही खरं आहे. पण आधी शाळेतून येणाऱ्या मुलींना त्या दुकानावरून मान खाली घालून जावं लागायचं, ते थांबलं. मला एवढं पुष्कळ वाटतं.

विदर्भवासी

कोयनाकाठ ताई, आमच्या चंद्रपूरला 1 एप्रिल 2015 पासून जिल्हाभर बंदी होती, 2021 मध्ये उठली. सुरुवातीला चौकातले तमाशे कमी झाले, बायका उघड सांगायच्या. आमच्या काकाला मात्र दुप्पट भावात घरपोच मिळत राहिली. बंदी नको असं मी म्हणणार नाही. पण ज्याला दारूशिवाय सकाळी उठता येत नाही त्याला दवाखाना लागतो, आणि आमच्या तालुक्यात बंदीसोबत तसा दवाखाना काही आला नाही.

साधा माणूस

घरच्यांचा धागा आहे हे माहीत आहे, तरी पिणाऱ्याच्या बाजूने लिहितो, कारण यात एखाद्याचा जीव वाचू शकतो.

मी रोज पिणारा होतो, सकाळपासून. वडिलांनी एके दिवशी खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली. त्यांना वाटलं, चार दिवस तडफडेल आणि सुटेल. पहिल्या दिवशी हात इतके थरथरत होते की तांब्या तोंडाशी नेता येईना. अंथरूण घामाने भिजलेलं. दुसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्यांच्या रांगा दिसायला लागल्या, मी त्या चादरीने पुसत होतो. भिंत स्वच्छ होती. मग फिट आली. धडपड ऐकून आईने कडी काढली म्हणून मी आज लिहितोय.

नंतर डॉक्टरांनी वडिलांना समोर बसवून समजावलं. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम, भास, ताप सुरू होतो आणि त्यात माणूस दगावू शकतो. त्यासाठी औषधं आहेत. ती हळूहळू कमी करत आठवड्याभरात थांबवतात, सोबत बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात. कोंडू नका, बांधू नका, दवाखान्यात न्या. माझे वडील वाईट नव्हते, त्यांना हे सांगणारं कुणी भेटलं नव्हतं.

शेवंती

साधा माणूस, तुमचं वाचून हात-पाय गार पडले. आमच्याकडे दुसरंच झालं. एसटी स्टँडच्या भिंतीवर "न कळत दारू सोडवा" अशी जाहिरात होती. सासूबाईंनी तिथून पुड्या आणल्या आणि ह्यांच्या आमटीत घालायला लागल्या. मलाही सांगितलं नाही. एका रात्री हे पिऊन आले, तोंड लालबुंद, छाती धडधडतेय, उलट्या थांबेनात. रिक्षातच शुद्ध हरपली. डॉक्टरांनी पुडी हातात घेऊन पहिला प्रश्न विचारला, "डायसल्फिराम आहे का यात?" त्या औषधावर दारू पोटात गेली की असंच होतं, हृदयाचा आजार असेल तर जिवावर बेततं. ते चांगलं औषध आहे, पण पिणाऱ्याला सगळं समजावून, त्याच्या संमतीनेच द्यायचं असतं.

हे वाचले. पण कितीतरी दिवस घरचं जेवेनात. ताट पुढे केलं की आधी माझ्या तोंडाकडे बघायचे. पुढे मीच आधी त्यांच्या ताटातला एक घास खायचे, मग ते हात लावायचे.

पांढरा कोट

मी परिचारिका आहे, पुरुषांच्या वॉर्डात. भरती करताना "दारू घेता का?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "कधीमधी." शेजारी बायको उभी असते, ती खाली बघते. मग मी बायकोला सलाईनची बाटली धरायला म्हणून बाजूला घेते आणि पुन्हा विचारते. "रोज एक क्वार्टर." क्वार्टर म्हणजे 180 मिली, त्यात साठ ग्रॅमच्या आसपास शुद्ध अल्कोहोल. घरच्यांना ते थोडं वाटतं. डोळे पिवळे, हातापायांच्या काड्या आणि पोटात पाणी झालेले पेशंट चाळिशीच्या आतले असतात. डॉक्टरांना खरं प्रमाण आणि शेवटचं कधी घेतली ते सांगा. ऑपरेशनसाठी भरती झालेल्या माणसाला वॉर्डात तिसऱ्या दिवशी भ्रम होतो तेव्हा कारण शोधण्यात वेळ जातो.

नाव नको

मी बाई आहे आणि पिणारी मीच होते. नवऱ्याने सगळ्यांना "तिला मायग्रेन आहे" सांगितलं होतं. रानजाईच्या घरी पित्त, आमच्याकडे मायग्रेन. बाईच्या शरीराला कमी दारूत जास्त इजा होते, हे मला लिव्हरचे रिपोर्ट आल्यावर कळलं. पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात स्त्रियांसाठी निशिगंध हा वेगळा विभाग आहे. माझ्यासारखी कुणी वाचत असेल तर तिच्यासाठी लिहिलं. जास्त लिहवत नाही.

दुसरी पाळी

आमचं अजून चालू आहे. वडील यंत्रमागावर, मीही. आईने गटातून कर्ज काढलं शिलाई मशीनसाठी, मशीन गेलं, हप्ता राहिला. आता माझा पगार आईच्या खात्यात जातो, एटीएम कार्ड आणि घराचा उतारा मावशीकडे. बहीण बारावीला आहे, तिला मावशीकडेच ठेवलंय. वडील न पिता चांगले आहेत, हे बाहेरच्यांना पटत नाही. परवा स्वतः म्हणाले, "मला कुठंतरी घेऊन चल." पण मालक महिनाभर सुट्टी देणार नाही आणि खर्च किती येईल याची भीती आहे. कुणी नेलं असेल तर सांगा.

रानजाई

भाऊ, ते स्वतः म्हणालेत तर थांबू नकोस. आधी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात ने. किती पितात, आधी कधी फिट आली का, हे सांग. प्रत्येकाला भरती करावंच लागतं असं नाही, काहींना घरून ये-जा करत औषधं देतात, ते डॉक्टर ठरवतील. 14446 ही सरकारची मोफत व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, जवळचं केंद्र तिथे विचार. अल्कोहोलिक्स अनॉनिमस हा दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट आहे, त्यांच्या सभांना फी नसते, बऱ्याचशा सभा संध्याकाळी असतात, तुमच्या पाळ्या बघून जमवता येईल. आईसाठी अल-अनॉनची, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांच्या गटाची, सभा जवळ असेल तर तीही बघ.

सुट्टीचं आणि खर्चाचं ज्यांनी स्वतः निभावलंय त्यांनी याला इथेच सविस्तर लिहा. शेवंती, तुम्ही पुढे काय केलंत तेही.