मदत हवी आहे: मुलाच्या एअर फोर्स युनिटमध्ये मीटिंगआधी प्रार्थना

नमस्कार मंडळी,

अमेरिकी लष्करात असलेलं किंवा तिथल्या नियमांची माहिती असलेलं कुणी आहे का इथे?

मुलगा एअर फोर्समध्ये सेकंड लेफ्टनंट आहे, जेमतेम वर्ष झालंय. बेसचं नाव मुद्दामच लिहीत नाही. नवे कमांडर आल्यापासून मंगळवारची मीटिंग प्रार्थनेनं सुरू होते आणि ती प्रार्थना येशूच्या नावानं संपते. सक्ती नाही म्हणे. पण कर्नलसाहेब मान खाली घालून उभे असताना खोलीतून उठून जाणार कोण? मुलगा म्हणतो, "आई, मी बुटांच्या नाड्या बघत उभा राहतो." गेल्या महिन्यात साहेबांनी ऑफिसच्या ईमेलवरून सगळ्यांना बायबल स्टडीचं आमंत्रण धाडलं. त्याच्या हाताखालची एक सार्जंट, स्वतः कॅथलिक, त्याला हळूच म्हणाली की कोण येतं आणि कोण येत नाही हे साहेबांच्या लक्षात राहतं. याच्या वार्षिक रिपोर्टवर सही त्यांचीच.

खरं सांगते, मला आधी यात काही वावगं वाटलंच नाही. मी फौजीची मुलगी. बाबा मराठा लाइट इन्फंट्रीत, माझं लहानपण बेळगावात गेलं. मंदिर परेडला, म्हणजे रेजिमेंटच्या मंदिरातल्या सामूहिक पूजेला, बाबांचे सीओ (कमांडिंग ऑफिसर), केरळचे सिरियन ख्रिश्चन, आरतीचं ताट हातात घेऊन सगळ्यात पुढे. गंध लावून घ्यायचे, बुंदी वाटायचे. म्हणून मुलाला म्हटलं, दोन मिनिटं उभा राहिलास तर काय झिजतं तुझं? तर म्हणाला, "आजोबांचे सीओ जवानांच्या देवाकडे गेले. इथे साहेब आम्हाला त्यांच्या देवाकडे नेतायत." मी गप्प बसले.

हे नियमात बसतं का? तक्रार केली तर पोराच्या नोकरीवर डाग लागेल का?

पोटोमॅककाठी:
ताई, मी वकील नाही, पण पेंटागॉनमध्ये सिव्हिलियन म्हणून बरीच वर्षं काढली आहेत. साहेबांनी चर्चला जावं, जेवताना प्रार्थना म्हणावी, तो त्यांचा हक्कच. अडतं ते हुद्द्यापाशी. एअर फोर्सच्या २०१२ च्या नियमावलीतच अधिकाऱ्यांना बजावलं होतं की पदाचा वापर करून हाताखालच्यांपुढे आपल्या धर्माची भलामण करू नका. नंतर शब्द बदलले, पण सरकारी शिक्का मारल्यासारखं दिसू नये हा मुद्दा राहिला. चालू प्रत मुलाला काढायला सांगा. त्या सरकारी ईमेलची प्रतही जपून ठेवू दे, तोंडी गोष्टींपेक्षा ती कामाला येईल.

२००७ साली पेंटागॉनच्या महानिरीक्षकांनी (खात्यातल्या गैरप्रकारांची चौकशी करणारे अधिकारी) काही जनरलांसह सात अधिकाऱ्यांवर ताशेरे ओढले होते. एका ख्रिस्ती संस्थेच्या प्रचार व्हिडिओत ते गणवेशात झळकले होते. गंमत म्हणजे त्यातल्या एकाला ती संस्था निमसरकारीच वाटत होती! आणि १९७२ पर्यंत लष्करी अकादम्यांत कॅडेटना चॅपलला, म्हणजे प्रार्थनेला, जाणं सक्तीचं होतं, ते कोर्टानं बंद केलं. तेव्हा मुलगा काही जगावेगळं मागत नाहीये.

लगेच लेखी तक्रार नको. आधी चॅप्लेनकडे, म्हणजे लष्करातल्या धर्मगुरूकडे, जाऊ दे, मुलगा हिंदू असला तरी. तिथलं बोलणं गोपनीय असतं. मग इक्वल ऑपॉर्च्युनिटी ऑफिस (भेदभावाच्या तक्रारी तिथे घेतात), त्यानंतर महानिरीक्षक. महानिरीक्षकांकडे गेल्याबद्दल सूड घेणं कायद्यानं गुन्हा आहे. घेतला जात नाही असं मात्र मी छातीठोकपणे सांगणार नाही.

जुनी_छावणी:
बेळगावचं वाचून बरं वाटलं, पण आपल्याकडेही सगळं गोड नाही हं. रेजिमेंटच्या मंदिराच्या गाभाऱ्यात जायला नकार देणाऱ्या ख्रिश्चन लेफ्टनंटची बडतर्फी सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२५ मध्ये कायम ठेवली. तो परेडला जायचा, बाहेर उभा राहायचा. तुमच्या बाबांच्या सीओंना ताट धरणं मनापासून जमलं. त्या लेफ्टनंटला नाही जमलं.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. जुनी_छावणी, सीओंना मनातून काय वाटायचं हे तेव्हा कुणी विचारलंच नाही, आज पहिल्यांदा डोक्यात आलं.

रात्री त्याचा फोन येईल तेव्हा चॅप्लेनचं सांगते. एकच शंका: तो चॅप्लेन याच कर्नलसाहेबांच्या हाताखाली असतो ना?

पोटोमॅककाठी:
हो, असतो. पण ऐकलेलं साहेबांच्या कानावर घालायची त्याला मुभा नाही. तरी धाकधूक असेल तर दुसऱ्या युनिटचा चॅप्लेन गाठा.